जवंजाळ सरांचं प्रदर्शन

गॅदरिंगची नोटीस लागली की जवंजाळ सरांचं डोकं फिरायचं.

फेब्रुवारीच्या मध्यावर, बाहेर पळसाला कळे धरलेले असताना, आमच्या कॉलेजच्या फळ्यावर तो लांबलचक कागद लागायचा. सोमवारी क्रीडास्पर्धा. मंगळवारी रांगोळी आणि पाककला. बुधवारी वक्तृत्व. गुरुवारी फिशपाँड. शुक्रवारी नाटक आणि विविध गुणदर्शन. शनिवारी थोर पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ आणि अल्पोपहार. पोरं त्या कागदाभोवती गर्दी करायची. जवंजाळ सर सायकल भिंतीला टेकवून त्या गर्दीत घुसायचे, कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे, आणि त्यांना हवी ती ओळ नाही असं दिसलं की खिशातला पेन काढून सगळ्यांच्या देखत खाली लिहायचे, 'वनस्पती प्रदर्शन. शेवटचे तिन्ही दिवस. सर्वांना खुलं.' दुसऱ्या दिवशी ती ओळ कुणीतरी खोडलेली असायची. सर पुन्हा लिहायचे. शनिवारपर्यंत त्या कागदाचा खालचा भाग नुसता निळा झालेला असायचा.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं घाटावरचं एक गाव, एवढं पुरे. महाराष्ट्र राज्य होऊन चार-सहा वर्षंच झाली होती. जिथे तिथे कॉलेजं निघत होती आणि आमच्या गावातल्या मोठ्या लोकांनीही एक काढलं होतं. ते कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात भरायचं. सरकीच्या गोदामात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा होती. पावसाळ्यात भिंतींना अजून सरकीचा वास यायचा. सायन्सच्या वर्गात आम्ही तीनच मुली होतो आणि तीन मुली आहेत याचंच संस्थेच्या अध्यक्षांना फार कौतुक होतं. प्रत्येक भाषणात ते आमचा आकडा सांगायचे.

जवंजाळ सर प्राध्यापक नव्हते. ते डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रॅक्टिकल करून घ्यायचं, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवायचे, पोरांच्या वह्या तपासायच्या. प्राध्यापकांच्या खोलीत त्यांना खुर्ची होती, पण चहा आला की तो त्यांच्यापर्यंत थंड होऊन पोचायचा. माणूस काटक, काळासावळा. खाकी पँटला सायकलची क्लिप लावलेली आणि त्या क्लिपेच्या खाली मोजे कुसळांनी भरलेले. ते चालत जवळ आले की आधी त्यांच्या खिशातल्या बियांचा खुळखुळ ऐकू यायचा. जानेफळकडच्या मळेवाल्यांच्या घरातले. वांगी-मिरच्या लावणाऱ्या घरातला हा पहिला बी.एस्सी. झालेला मुलगा. नागपूरला शिकून आले तरी बोलायचे मात्र घरच्यासारखंच.

प्राचार्यांना ते बोलणं खुपायचं. एकदा आमच्यासमोरच ते म्हणाले, "जवंजाळ, आपण कॉलेजात आहोत. जरा भाषेकडे लक्ष द्या."

सर म्हणाले, "मायं बोलनं पोरांले समजते. तुमचं समजते काय, ते त्यायले इचारा." आणि काचपट्टी पुसत राहिले. प्राचार्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही खोटंच बोललो असतो.

पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी पुस्तकं बाहेर ठेवायला लावली होती. मग पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. तो मोताळ्याहून यायचा, चांगला शिकलेल्या घरातला, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा.

"घरून कॉलेजात येतानी काय तुडवत आला बे?"

"काही नाही सर."

"हवेतून आला?"

"म्हणजे, गवत होतं सर."

सर त्याच्याजवळ गेले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "तुया घरी कोन आलं असं तुया मायनं इचारलं, अन मी म्हनलं मानूस आला, तं चालन काय? गवत हे काही नाव नाही. हरळी हाय, लव्हाळा हाय, कुंदा हाय, पवन्या हाय. तुया बापाच्या वावरातल्या गवताचं नाव तुले येत नाही अन तू लॅटिन शिकाले आला?"

त्यांनी त्याला बाहेर पाठवलं. दहा काड्या घेऊन ये, दहाची दहा वेगळी, आणि वाटेत भेटेल त्याला विचारून नावं आण. मुलगा तासाभरानं परत आला. घाम आलेला, शर्टाला चिकटणाऱ्या बिया लागलेल्या. नावं त्यानं गेटासमोर पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्याकडून आणली होती. सरांनी ती काडी काडी तपासली, एकीचं नाव त्यांनाच नवीन होतं, ते वहीत उतरवलं आणि म्हणाले, "त्या बाबाचं नाव काय?"

मुलगा शर्टाच्या बिया काढू लागला.

"नाव सांगनाऱ्याचंच नाव इचारलं नाही? जा परत."

ही त्यांची सवयच होती. सर झाडं गोळा करायचे. झाडाची फांदी फुला-फळासकट घ्यायची, वर्तमानपत्रात पसरून लाकडी फळ्यांमध्ये दाबून सुकवायची, मग जाड कागदावर शिवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. शास्त्रीय नाव, जागा, तारीख हे सगळेच लिहितात. सरांच्या चिठ्ठीवर शेवटी आणखी एक ओळ असायची. 'नाव सांगणार:' आणि पुढे माणसाचं नाव. धाडच्या बाजारातला दोरखंड विकणारा. कुणा गुराख्याची आजी. एस.टी.चा क्लीनर. काही कागदांवर नुसतंच 'नाव सांगणार: माझी आई.' दहा-बारा वर्षांत त्यांनी जिल्ह्याचा कोपरा न् कोपरा पालथा घातला होता. शिवून झालेले जाड कागद दोन लाकडी कपाटांत होते आणि अजून शिवायचे राहिलेले, वर्तमानपत्रात दाबलेले, गठ्ठे बांधून कपाटांवर रचलेले होते. डांबरगोळ्यांचा वास त्या खोलीत सरकीच्या वासात मिसळून गेला होता.

असा एक कागद तयार होताना मी पाहिला आहे. आम्ही सहलीहून मोताळ्याच्या घाटातून एस.टी.नं परत येत होतो. सर एकदम उठले आणि दोरी ओढून घंटी वाजवली. गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, "सर, हे सरकारी गाडी हाय. तुमची बैलबंडी नोहे."

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत मांगून ट्रक येऊन राह्यला."

सर उतरलेच. कुंपणावर चढलेला एक वेल, हिरवट पिवळ्या बारक्या फुलांचे झुबके. ते चाकूनं अलगद फांदी कापत होते आणि गाडीतले लोक ओरडत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक बाई, मोताळ्याच्या बाजारात फुटाणे विकून परत चाललेली, खिडकीतून म्हणाली, "डोडी हाय ते. बाळंतिणीले देते तिची भाजी. दूध येते."

सर तिथूनच वळले. त्यांचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी आधी पाहिला नव्हता. "शेंगा बी खाते काय?"

"कोवळ्या खाते."

"तुमचं नाव काय मावशी?"

"मायं नाव काऊन पायजे?"

"तुमी सांगतलं म्हनून."

ती पदर तोंडाला लावून हसली. "गयाबाई म्हना." गाडीतले लोकही हसले. सरांनी उभ्या उभ्या, गाडीच्या दांड्याला कोपर अडकवून, ते नाव वहीत लिहिलं. पुढे तो कागद मीच शिवला. माझं शिवणं बरं म्हणून ते काम सर मला द्यायचे. टाका चुकला तर मात्र सगळा उसवायला लावायचे.

हे सगळं वर्षातून एकदा ते लोकांपुढे मांडायचे, गॅदरिंगच्या आठवड्यात. बाजाराला आलेले शेतकरी डोक्यावरची ओझी बाहेर ठेवून आत यायचे आणि कागदांपुढे उभे राहून आपसात वाद घालायचे. हे आमच्याकडचं, हे तुमच्याकडचं. एका म्हाताऱ्यानं एकदा चिठ्ठी चुकली म्हणून सरांना चांगलं झापलं आणि सर मान खाली घालून ऐकत होते. पहिल्या वर्षी हे प्रदर्शन मोठ्या हॉलमध्ये होतं म्हणे. मग हॉल नाटकाच्या तालमीला गेला आणि प्रदर्शन प्रयोगशाळेत आलं. अध्यक्षांनी एकदा आवारात उभ्या बैलगाड्या पाहिल्या आणि पुढच्या वर्षी ते व्हरांड्यात गेलं. व्हरांड्यात वाऱ्यानं कागद उडत. सर प्रत्येक कागदावर दगड ठेवून मधोमध उभे राहायचे.

पोरंही कमी नव्हती. फिशपाँडमध्ये, म्हणजे प्रत्येकाला काहीतरी टोमणा मारून वस्तू भेट द्यायचा तो कार्यक्रम, एका वर्षी सरांना स्टेजवर बोलावून कडब्याची पेंढी दिली. 'सरांच्या रात्रीच्या जेवणासाठी,' असं चिठ्ठीत होतं. हॉल हसून कोसळला. गॅदरिंगचे प्रमुख निमकर सर, इंग्रजीचे प्राध्यापक, पहिल्या रांगेत रुमालानं डोळे पुसत होते. जवंजाळ सरांनी पेंढी हातात घेतली, एक धाट मोडून पाहिलं, दातानं चावून पाहिलं आणि माइकपाशी गेले.

"हा कोनत्या ज्वारीचा कडबा हाय?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"पेंढी कोन आनली? त्यानं तरी सांगावं."

त्याला माहीत नव्हतं. शेतकऱ्यांचीच पोरं होती सगळी. सरांनी हॉलभर नजर फिरवली. "तुमी मायावर हासून राह्यले. हासा. पन बैलाले इचारलं असतं तं त्यानं सांगतलं असतं." आणि पेंढी काखेत मारून बाहेर निघून गेले.

मी शेवटच्या वर्षाला असतानाचं गॅदरिंग आता सांगते. इतकी वर्षं ते कुणाला धड सांगितलं नाही.

त्या वर्षी पाहुणे फार मोठे होते. बाहेरगावाहून यायचे होते आणि त्यांच्या शब्दावर संस्थेची नवी इमारत अवलंबून होती. महिनाभर आधीपासून आवारातली झुडपं काढणं, गेटला रंग देणं चाललं होतं. नोटिशीत प्रदर्शन नव्हतंच. सरांनी नेहमीसारखी ओळ लिहिली. या वेळी ती खोडली गेली नाही. प्राचार्यांनी सरांना बोलावलं आणि गोड बोलले. ते सरांनीच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. स्टेजच्या सजावटीला पळसाची फुलं पाहिजेत, पाहुण्यांना पळसाचं फार वेड आहे. तुम्ही शनिवारी सकाळी भरपूर फुलं आणा, आणि तुमचं प्रदर्शन प्रयोगशाळेतच, कपाटांपाशी भरवू. पाहुण्यांना स्वतः फिरवून दाखवू.

"फांद्या नाही तोडनार," सर म्हणाले. "खाली पडलेले गोळा करीन. टोपलेच्या टोपले आनतो." ते शनिवारी सकाळीच एक बैलबंडी घेऊन घाटाकडे गेले. जाताना मला म्हणाले, "पोरी, मी येईपर्यंत कपाटं उघडू नको देऊ कोनाले."

मी हो म्हटलं.

आम्हा तिघी मुलींना दर वर्षी अल्पोपहाराच्या कामाला लावत. सायन्सच्या मुली असल्या तरी चिवडा-लाडू वाढायला मुलीच लागतात, असं निमकर सरांचं मत होतं. दुपारी ते घामाघूम होऊन आले. पाहुण्यांचा चहा स्टेजवर द्यायचा होता, पण त्याची तयारी प्रयोगशाळेत ठरली, कारण तिथे ओटा आणि पाणी होतं. चार-पाच मुलांना त्यांनी हाताशी धरलं. टेबलं मोकळी झाली, कपाटांवरचे गठ्ठे खाली आले. कपबशा ठेवायला म्हणून कपाटंही उघडली आणि आतले जाड कागद व्हरांड्यात गठ्ठ्यांच्या बाजूला रचले गेले. मी तिथे उभी होते. मी म्हटलं, "सर, हे जवंजाळ सरांचं आहे. त्यांनी सांगितलंय..."

"जवंजाळ येतील तेव्हा ठेवतील पुन्हा. मिस वानखेडे, चिवडा कशात देताय?"

चिवडा द्यायला द्रोण मागवले होते, ते आलेच नव्हते. पाहुण्यांची मोटार गावात शिरल्याचा निरोप आला होता. निमकर सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्या गठ्ठ्यांकडे बोट केलं.

"ही एवढी रद्दी पडली आहे की. त्यात द्या."

"सर, आत झाडं आहेत."

"वाळलेला पाला आहे. झटकून घ्या. पाहुणे दारात आहेत, वाद नको."

मी आणखी एकदा बोलायला हवं होतं. बोलले नाही. पहिला गठ्ठा मीच सोडला. सुतळीची गाठ सरांची होती, एक टोक ओढलं की सुटणारी. मी वर्तमानपत्र उघडलं, आतली फांदी झटकली, कागदाचे चार तुकडे केले. मग माझ्या मैत्रिणींनी दुसरा गठ्ठा सोडला. पानं पायाखाली चुरत होती. जाड कागद चांगले ताठ होते म्हणून ते पाहुण्यांच्या टेबलावर कपबशांखाली घातले. त्यांच्यावरची झाडं मुलांनी ओढून काढली. टाके पक्के होते, काही ठिकाणी कागदच फाटला.

सर आले तेव्हा बक्षीस समारंभ सुरू होता. पाहुणे, अध्यक्ष, प्राचार्य मांडवातल्या स्टेजवर, समोर टेबल, टेबलावर चहा. मांडवात पोरं चिवडा खात बसलेली. सर मागच्या बाजूनं आले, दोन्ही हातांत केशरी फुलांनी भरलेली टोपली घेऊन. शेवटच्या रांगेतल्या एका मुलाच्या मांडीवरच्या कागदाकडे त्यांची नजर गेली. कागदाच्या समासात त्यांच्या अक्षरात जागा आणि तारीख होती. त्यांनी टोपली खाली ठेवली. त्या मुलाच्या हातातून कागद घेतला, चिवडा त्याच्या ओंजळीत ओतला, कागद झाडला, घडी केली. पुढच्या मुलाचा घेतला. मग पुढच्या. ते रांगेरांगेतून हे करत पुढे आले. पोरांना वाटलं हा काहीतरी गमतीचा कार्यक्रम आहे. हसू सुरू झालं. जसजसे ते पुढे येत गेले तसतसं हसू वाढत गेलं. मी खांबापाशी लाडवांचं ताट घेऊन उभी होते. सर माझ्यासमोरून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं.

ते स्टेजवर चढले. पाहुण्यांची बशी उचलून बाजूला ठेवली आणि खालचा कागद ओढला. चहाचा गोल डाग पडला होता. वेल गेला होता, कोपऱ्यातली चिठ्ठी राहिली होती.

अध्यक्ष म्हणाले, "हे काय चाललंय?"

"साहेब, ह्या कागदावर एका बाईचं नाव हाय," सर म्हणाले. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "गयाबाई. फुटाने इकते मोताळ्याच्या बाजारात. तिनं मले एका वेलाचं नाव सांगतलं. तुमी त्याच्यावर बशी ठेवली."

"जवंजाळ, खाली उतरा," प्राचार्य म्हणाले.

"उतरतो. पन ह्या पोरांले सांगा, आज त्यायनं चिवडा कायच्यात खाल्ला. बारा वर्षं हायेत हे. मले पळसाची फुलं आनाले धाडलं अन इकडे हे केलं."

पोरं अजून हसत होती. मागून कुणीतरी 'कडबा' असं ओरडलं. पाहुणेही हसले, समजूतदारपणे, आणि घड्याळाकडे पाहिलं. सर तो ओला कागद दोन्ही हातांत आडवा धरून खाली उतरले, जसं काही त्यातलं सांडेल.

सोमवारी त्यांना पत्र मिळालं. पाहुण्यांचा व अध्यक्षांचा जाहीर अपमान, लेखी माफी मागा. गठ्ठे उतरवणाऱ्या मुलांकडून ऐकून सरांनी उलट लिहिलं की निमकरांनी माहीत असून, सांगूनसुद्धा नमुने नष्ट करवले, याची आधी चौकशी करा. म्हणून चौकशी झाली. मला साक्षीला बोलावलं.

त्या सकाळी वडील म्हणाले, "तू तिथे शिकायला जातेस. दोन महिन्यांवर परीक्षा आहे. जेवढं विचारतील तेवढंच बोल."

प्राचार्यांच्या खोलीत तिघं जण बसले होते, त्यात निमकर सर. जवंजाळ सर दाराजवळ उभे. त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. प्राचार्यांनी विचारलं, "मिस वानखेडे, ते कागद काय आहेत याची तुम्हाला कल्पना होती का? तुम्ही निमकरांना तसं काही सांगितलंत का?"

मी म्हटलं, "नाही सर. आम्हाला रद्दी वाटली."

तो कागद शिवणारी मी. ज्या टाक्यांसाठी मी चार वेळा उसवलं होतं त्या टाक्यांना मी रद्दी म्हटलं. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते निमकर सरांकडे बघत होते आणि निमकर सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

पुढच्या वर्षी सरांची नेमणूक झाली नाही. माफी मागितली असती तर झाली असती, असं सगळे म्हणत. एकही प्राध्यापक त्यांच्या बाजूनं बोलला नाही. उन्हाळ्यात ते बंडी घेऊन आले, उरलेले कागद भरले आणि जानेफळला घेऊन गेले. त्या दिवशी मी कॉलेजच्या समोरच, पलीकडच्या दुकानात उभी होते. बाहेर आले नाही.

मी बी.एस्सी. झाले, शिक्षिका झाले, दुसऱ्या जिल्ह्यात गेले. वनस्पतिशास्त्रच शिकवते. बारा वर्षांनी त्याच कॉलेजचं पत्र आलं. वार्षिक स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थिनी म्हणून आपला सत्कार करण्याचं योजलं आहे. खाली सही प्राचार्यांची, म्हणजे निमकर सरांची. मी ते पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मग गेले. इमारत नवी होती. मला बोलायला उभं केल्यावर मी सगळं सांगितलं. काय फाडलं, कुणी फाडायला सांगितलं, आधी कुणी फाडलं, आणि चौकशीत कोण खोटं बोललं. मी एकही नाव गाळलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं जानेफळला गेले.

मळ्याचा रस्ता लोकांनी लगेच दाखवला. सर कांद्याला पाणी देत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात फावडं, केस पूर्ण पांढरे झालेले. मी बांधावर उभी राहिले.

"सर, मी सुलोचना. वानखेडे."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मले दिसते. बोल."

"मी तेव्हा खोटं बोलले."

"माहीत हाय मले. तिथंच होतो मी."

"काल मी कॉलेजच्या गॅदरिंगला गेले होते. स्टेजवरून सगळं सांगितलं, सर. निमकर सर समोर होते. पूर्ण हॉल भरला होता."

सरांनी फावडं जमिनीत रोवलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

"मंग? काय म्हनले ते?"

एवढ्या लांबून मी हेच सांगायला आले होते आणि आता मला सांगवेना. "टाळ्या वाजवल्या," मी म्हटलं. "निमकर सरांनीसुद्धा. मी प्रांजळपणे बोलले म्हणाले."

पाणी वाफ्यात काठोकाठ आलं होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"शाल दिली असन."

"दिली."

"घेतली?"

मी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. ते थांबले होते. त्यांना उत्तर हवं होतं.

"घेतली," मी म्हटलं.

त्यांनी फावडं उपसलं, एका घावात भरलेल्या वाफ्याचं तोंड बांधलं, दुसऱ्याचं फोडलं आणि वळलेल्या पाण्याबरोबर पुढे चालू लागले. पुढचा वाफा भरला, मग त्याच्या पुढचा. मी बांधावर उभी आहे हे त्यांना माहीत होतं. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि तिथे पोचल्यावर मोटेच्या विहिरीआड गेले.